वाळूवरची वहिवाट

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पाखरांना पाहुणे म्हणण्याचा प्रघात इतका रुळला आहे की, त्यास कोणी हरकत घेईल असे मला कधी वाटले नव्हते. आणि ती हरकत महसूल खात्याच्या परिभाषेत, कलमवार, पौषातल्या एका निरभ्र सकाळी आक्षीच्या पुळणीवर उभे राहून घेतली जाईल, हे तर ध्यानीमनीही नव्हते. हरकतदार होते माझे स्नेही भाऊसाहेब. तलाठ्याच्या सज्जापासून अव्वल कारकुनाच्या मेजापर्यंतची सारी नोकरी त्यांनी याच जिल्ह्यात केली. जिल्ह्याचे नाव रायगड होऊन जमाना लोटला, तरी त्यांच्या तोंडी तो अद्याप कुलाबाच आहे. पेन्शनीत निघाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात किंवा घराचा दिवाणखाना वाढवतात. भाऊसाहेबांनी एक चांगल्यापैकी दुर्बीण विकत घेतली आणि एक जाड बांधणीचे बुक आखून काढले. त्यात तारीख, तिथी, पाण्याची स्थिती, पक्षी, संख्या आणि अखेरीस शेरा असे रकाने आहेत. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात, आणि माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या पद्धतीला ‘बिनदप्तरी कारभार’ म्हणतात.

त्या दिवसाचा मुहूर्तही त्यांनीच मुक्रर केला होता. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ येते, हा कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा ठोकळेबाज पण कामाचा हिशेब आहे. शुद्ध पंचमी असल्यामुळे पाचाची पाऊणपट पावणेचार. अर्थात पहाटे पावणेचारला एक भरती, दुपारी चारच्या सुमारास दुसरी, आणि मध्ये दहाच्या आगेमागे पुरती सुकती. सुकतीला पाखरे चरायला पसरतात आणि भरतीला पाणी त्यांना रेटून एका जागी गोळा करते, तेव्हा सकाळी ओळख पटवावी आणि दुपारी मोजदाद करावी, असा त्यांचा शिरस्ता. अलिबागच्या दक्षिणेला दीडएक कोसावर, सुरूच्या बनातून बाहेर पडून आम्ही खाडीच्या मुखाशी आलो तेव्हा पाणी हटू लागले होते, आणि ओल्या वाळूच्या आणि चिखलवटीच्या त्या विस्तीर्ण पटावर कोवळे ऊन तिरपे पडले होते.

ज्याने ही चिखलवट कधी दुर्बिणीतून पाहिली नाही, त्याला ती ओसाड वाटते. पाहू लागल्यावर मात्र असे दिसते की, येथे प्रत्येकाने आपापल्या चोचीच्या मापाने जमीन वाटून घेतली आहे. चिखल्या आखूड चोचीचा आणि मोठ्या डोळ्यांचा. तो चार पावले धावतो, थबकतो, पृष्ठभागावर काही हलले की टिपतो आणि पुन्हा धावतो. तुतवारांचे थवे डोळ्यांवर फारसे विसंबत नाहीत. शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे त्यांच्या चोची चिखलात वरखाली होत असतात, आणि चोचीच्या टोकाला असलेल्या सूक्ष्म संवेदनेने त्यांना आतला किडा कळतो. कोरलाची बाकदार चोच तर चांगलीच लांब. ती तो खेकड्याच्या बिळात तिरकी घालतो आणि चोच सबंध न उघडता नुसते टोक उघडून आतले भक्ष्य धरतो. लाटेच्या अगदी कडेला, पाणी येईल तसे मागे आणि जाईल तसे पुढे, सँडरलिंगांची एक रांग धावत होती. पलीकडे कालवे फोडून खाणारे काळेपांढरे, तांबड्या चोचीचे पक्षी खडकाशी उभे होते. कुरव आणि सुरय वाळूच्या दांड्यावर विसावले होते. आणि या साऱ्यांच्या डोक्यावरून एक ब्राह्मणी घार संथपणे जाताच सगळा पट क्षणभर उचलला जाऊन पुन्हा खाली बसला.

मी सहज म्हणालो, “सैबेरियाच्या उत्तर टोकाला उन्हाळा, आणि हिवाळा आपल्या आक्षीला. केवढी ही पाहुणेमंडळी, भाऊसाहेब! आणि केवढ्या लांबून आपल्या दारी आली आहेत!”

भाऊसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. “मास्तर, पाहुणा किती दिवस राहतो?”

“तीन दिवस शोभतो, असे आपले लोक म्हणतात.”

“मग त्या बाकदार चोचीच्या तुतवाराचे खाते काढू. तो जूनमध्ये तिकडे टुंड्रात पोहोचतो. नर तर मादी अंड्यांवर बसल्यावर जुलैच्या आरंभीच मागे वळतो. मादी पिलांचे पाहून काही आठवड्यांनी निघते. ऑगस्टात पहिले पक्षी आपल्या किनाऱ्याला लागतात आणि मेपर्यंत येथे असतात. प्रवासाचे दिवस वजा केले तरी वर्षातले आठ-नऊ महिने त्याची वहिवाट या मुलखात. तिकडे दोन महिनेसुद्धा भरत नाहीत. एखाद्या इसमाने आठ महिने जमीन कसली तर त्याला पाहुणा म्हणून कोणत्या मामलेदाराने नोंदवले असते? तो कूळ आहे, मास्तर, कूळ! पाहुणा म्हणता तेव्हा तुम्ही त्याचा गौरव करत नाही. त्याचे नाव खात्यातून कमी करता.”

हा वार अनपेक्षित होता; परंतु वादात मास्तरानेही इतक्यात हार मानू नये. मी म्हटले, “दिवसांची बेरीज करून घर ठरत नाही. आपला कोकणातला चाकरमानी घ्या. अकरा महिने तो मुंबईत गिरणगावाच्या खोलीत काढतो आणि गणपतीला, शिमग्याला गावी येतो. पण त्याला घर कुठे म्हणून विचारा, तो मुंबईचा पत्ता सांगतो काय? या पाखरांची लग्ने तिकडे, बाळंतपणे तिकडे. एप्रिलात त्यांच्या अंगावर विटकरी रंगाचा जो साज चढू लागतो, तो ल्यायचा म्हणून तिकडे जातात. आपल्या वाट्याला येते ते राखी, फिके, कामावरचे रूप. जिथे जन्म आणि जोडी, ते घर. जिथे फक्त पोट, तो मुक्काम.”

“फक्त पोट!” भाऊसाहेब हसले. “चाकरमान्याचाच दाखला पुढे चालवू. गिरण्यांच्या जागी मनोरे उठले तेव्हा मालकांनीही हेच म्हटले असते की, तुमचे घर गावी आहे, तिकडे जा. त्या वेळी खोलीची भाडेपावती ज्याच्यापाशी होती तोच चार शब्द बोलू शकला. शिवाय, तो साज म्हणता तो चढतो कशावर? या चिखलातल्या किड्यांवर. निघण्यापूर्वी शेवटच्या आठवड्यांत ही पाखरे चरबीने इतकी भरतात की काहींचे वजन जवळपास दुप्पट होते. तिकडच्या लग्नाचा सारा खर्च इकडच्या जमाखात्यातून होतो. अलास्काहून न्यूझीलंडला निघणाऱ्या त्या गॉडविटाची कथा तुम्हीच मला वाचून दाखवली होती ना?”

वाचून दाखवली होती खरी. २००७ साली उपग्रहाशी जोडलेले यंत्र अंगात बसवलेली एक मादी अलास्काहून उडाली ती साडेअकरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आठएक दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता, न्यूझीलंडला पोहोचली. आणि २०२२ साली त्याच जातीच्या, जेमतेम पाच महिने वयाच्या एका पिलाने अलास्का ते टास्मानिया हे साडेतेरा हजार किलोमीटरांचे अंतर अकरा दिवसांत एका दमात कापले. या जातीचे पक्षी उड्डाणापूर्वी चरबी साठवतात, आणि तिला जागा व्हावी नि ओझे हलके व्हावे म्हणून जठर, आतडी हे अवयव आकसून घेतात. मला त्यात तपस्व्याचा निग्रह दिसला होता. भाऊसाहेबांना त्यात अंदाजपत्रक दिसले. कोणाचे पाहणे अधिक खरे, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो. एवढे मात्र सांगतो की, माझ्यासारखी माणसे ज्याला निग्रह म्हणून हात जोडतात, तो निग्रह कोणत्या किनाऱ्यावर किती चरायला मिळते यावर अवलंबून असतो, हे मला त्यांच्या रकान्यांतून प्रथम समजले.

दहाच्या सुमारास पाणी पुरते हटले आणि खाडीच्या मुखाशी बायका शिंपल्या वेचायला उतरल्या. त्यांतली एक वयस्क बाई आमच्या जवळूनच, कमरेत वाकून, कोयत्याच्या टोकाने चिखल उकरत चालली होती. आणि तिच्या पुढे दहा-पंधरा हातांवर एक कोरल त्याच कामात गढलेला होता. दोघांनीही एकमेकांची दखल घेतली नाही. भाऊसाहेबांनी तिला पाखरांविषयी छेडले तेव्हा तिने मानही वर न करता सांगितले की, ती जिथे दाटीने बसतात तिथे माल असतो एवढे आपल्याला ठाऊक आहे, बाकी ती आपल्या वाटेला जात नाहीत आणि आपण त्यांच्या.

ती पुढे गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, “हिचे तरी नाव कुठल्या उताऱ्यावर आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम वीस: भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ सरकारच्या मालकीचा. सातबारा इथे पोहोचतच नाही. खाजणाची जमीन आमच्या दप्तरात बहुधा खराब्यात पडायची. या तालुक्यात खराबा म्हणून शेरा मारला की पुढच्याला बांध घालायला, भराव टाकायला, जेटी बांधायला मोकळीक वाटते. जिथे एवढी तोंडे पोसली जातात ती जमीन कागदावर नापीक! म्हणून मी मोजतो. माझे बुक म्हणजे पीकपाहणी आहे.”

“आणि ज्या दिवशी तुमच्या पीकपाहणीत पाखरांची संख्या कमी भरेल,” मी म्हणालो, “त्या दिवशी तुमचाच आकडा घेऊन समोरचा म्हणेल की, आता इथे राखण्यासारखे उरले काय? हक्काला कागद लागतो, आणि कागद दोन्ही बाजूंना वाचता येतो. आतिथ्याचे तसे नाही. दारी आलेला एक आहे की शंभर, तो गेल्या वर्षी आला होता की नाही, हे आतिथ्य विचारत नाही. तुम्ही कुळांचे इतके सांगता. मग मी विचारतो, वहिवाट पुरी असूनही कागदावर नाव नाही म्हणून बेदखल झालेली कुळे तुम्ही पाहिली नाहीत काय?”

भाऊसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याला मालक ठरवणारा कृषकदिन. परंतु त्या तारखेच्या आधी आणि नंतर जमिनीचे राजीनामे कसे ‘राजीखुशीने’ लिहून घेतले गेले, हे महसूल खात्यातल्या माणसाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

“पाहिली,” ते म्हणाले. “पुष्कळ पाहिली. पण मास्तर, त्यावर तोड म्हणून कुळांनी खोतापाशी आतिथ्य मागितले नाही. याच अलिबाग तालुक्यात चरी गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला, आणि १९३९ पर्यंत शेते ओसाड ठेवली. लाकडे तोडून विकली, उपाशी राहिले. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या सभेला आले होते. खोत काही सगळेच दुष्ट नव्हते. सणासुदीला शिधा देणारे, लग्नाला मदत करणारे होतेच. कुळांना तो शिधा नको होता. ज्याच्या मेहेरबानीवर आपण जगतो त्याची मर्जी फिरली तर काय, हा प्रश्न त्यांना सुटायला हवा होता. पाखरे संप करू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने कोणी तरी दप्तर ठेवायला नको?”

यापुढे दुपारच्या भाकरीपर्यंत आम्ही दोघांनीही वाद थांबवला. जेवण सुरूच्या सावलीत झाले. तेथून किहीमची दिशा दाखवून मी त्यांना सालिम अलींची आठवण दिली. तिथे त्यांनी १९३० च्या सुमारास सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादीने पसंत केले तरच ते पुरे करतो, आणि एकीची सोय लागली की दुसरीसाठी नवे घरटे मांडतो, हा त्या संसाराचा उलगडा त्यांनी केला. भाऊसाहेब चटकन म्हणाले, “रोज टिपणे ठेवली, म्हणून.” मी म्हणालो, “रोज पाहावेसे वाटले, म्हणून.” त्यावर आम्ही दोघेही दुसऱ्या भाकरीकडे वळलो.

तीनच्या पुढे पाणी चांगलेच चढले. चिखलवट बोटाबोटाने आकसत गेली आणि विखुरलेले थवे मागे सरकत सरकत अखेर वाळूच्या एका चिंचोळ्या दांड्यावर जमा झाले. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे; बहुतेक एका पायावर; कित्येकांच्या चोची पाठीवरच्या पिसांत खुपसलेल्या. हा त्यांचा विसावा भरतीच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो, सूर्याच्या नव्हे. सुकती रात्री आली तर ती रात्रीही चरतात. भाऊसाहेब दहा-दहाचे गट पाडून मोजू लागले. इतक्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबाचा कुत्रा मोकळा सुटला आणि त्या दांड्याकडे भुंकत धावला. सबंध थवा उठला, समुद्रावर एक वळसा घालून परत आला, कुत्रा पुन्हा धावला, पाखरे पुन्हा उठली. तिसऱ्या वेळी त्या कुटुंबातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने, कोणी न सांगता, धावत जाऊन कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा धरला आणि वाळूत बसकण मारून त्याला तिथेच थोपवून धरले.

“ही पाहा माझी बाजू,” मी म्हणालो. “१९८१ साली इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांत बांधकाम नको असे कळवले, १९९१ साली त्यातून किनारा नियमनाची अधिसूचना झाली. सर्व काही रीतसर. पण आत्ता चार वाजता या दांड्यापाशी तुमचा कोणता अंमलदार हजर होता? त्या पोराला अधिसूचना ठाऊक नाही. त्याला त्या उठणाऱ्या पाखरांची कीव आली, एवढेच.”

“त्या पोराला माझा नमस्कार,” भाऊसाहेब म्हणाले. “पण ते उद्या शाळेत असेल, आणि कुत्रे पुष्कळ आहेत. आणि तुमच्या बाजूचा पुरावा तरी या गावात कसा टिकला, ते ठाऊक आहे ना? आक्षीचा शिलालेख! शके ९३४ चा म्हणून वाचला जातो, शिलाहारांच्या अमदानीतला, मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी. काय आहे तो? दानपत्र. देवीसाठी धान्य नेमून दिले. शुद्ध दातृत्व, तुमच्या शब्दांत आतिथ्य. तरी देणाऱ्याने ते दगडात कोरवून घेतले, आणि मोडणाऱ्यासाठी खाली गाढवाचे चित्र काढून जो शाप घातला, तो आपण दोघे वयस्क असूनही उच्चारू शकत नाही. दातृत्वावर भिस्त असती तर एवढी तजवीज कशाला केली असती?”

मला हसू आवरेना. गद्धेगाळीच्या शापाचा पक्षिरक्षणाला उपयोग होईल, ही कल्पना महसूल खात्याशिवाय अन्यत्र सुचणे कठीण. तरी मी सोडले नाही. “शाप घालावा लागला, कारण दान मोडले जाई; म्हणजे दगडही पुरा पडत नव्हता. आणि मुळात दान द्यावेसे वाटले नसते तर कोरायला काय होते?”

“बरे, हेही राहू द्या. वारसाचे काय करता?” त्यांनी बुक मिटले. “यातल्या कित्येक जातींत मोठी पाखरे आधी निघतात, आणि त्या वर्षीची पिले मागून निघतात. वाट दाखवायला आईबाप नाहीत. तरी ज्या किनाऱ्यांवर त्यांचे पूर्वज हिवाळे काढत आले तिकडेच ती येतात. पाहुण्याला आमंत्रण लागते. ज्याने जागा कधी पाहिली नाही आणि तरी जो जन्मतः तिचा रस्ता जाणतो, त्याला आमच्याकडे वारस म्हणतात.”

या मुद्द्यावर मी निरुत्तर झालो म्हणण्यापेक्षा माझे मन दुसरीकडे गेले असे म्हणणे खरे. आमच्यापासून थोड्याच अंतरावर, अलिबागेत, चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतले काटे बहकणार, म्हणून १९०४ साली ती इकडे आणली. आणि इमारतीत लोखंडाचा अंशही येऊ नये याची काळजी घेतली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची ती इवलीशी हालचाल टिपण्यासाठी माणसाला एवढी यातायात. आणि स्थलांतर करणारी पाखरे सूर्य आणि तारे यांच्या जोडीला तेच चुंबकत्व वाटाड्या म्हणून वापरतात. मी हे बोललो तेव्हा भाऊसाहेब म्हणाले की, वेधशाळेतही नोंदबुके आहेत आणि ती खंड न पडता ठेवली म्हणूनच त्यांना किंमत आहे. या माणसाला बुकाबाहेर काढणे अशक्य होते.

परत निघताना मी शेवटचा पेच टाकला. “तुमचे कूळ जून-जुलैत जमीन सोडून जाते. वहिवाटीत खंड पडला की हक्क जातो, हे तुमचेच शास्त्र.”

“खंड पडत नाही,” ते शांतपणे उत्तरले. “पहिल्या वर्षाची पाखरे पुष्कळदा जातच नाहीत. विणीचे वय झालेले नसते, म्हणून ती सबंध पावसाळा इथेच काढतात. थोडी असतात, पण असतात. कूळ गावी गेले तरी पोरगे शेतावर असते.”

“जो पाहुणा जातच नाही,” मी म्हणालो, “तो तेवढ्याने कूळ होत नाही, भाऊसाहेब. त्याला आपल्याकडे घरजावई म्हणतात.”

त्यांनी हे शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतले की काय, ते मला दिसले नाही. पण बुक उघडले खरे, आणि ज्येष्ठातल्या एका तिथीची पाऊणपट करून वेळ काढली. स्थळपाहणी मोसमात झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मी पावसाची अडचण सांगितली. त्यावर त्यांनी फक्त एवढेच बजावले की, छत्री काळी असावी. रंगीत छत्रीने पाखरे उठतात आणि मोजदाद चुकते.